कोकिळाताई उजव्या सीटवर बसतात

जळगावात ज्यांना ज्यांना चारचाकी चालवता येते, त्यांतल्या बऱ्याच जणांना कोकिळाताईंनी कधी ना कधी भर रस्त्यात करकचून ब्रेक लावून थांबवलेलं आहे. सराफांच्या सुना, डाळ मिलमधले कारकून, पाइपच्या कारखान्यातले साहेब, रावेरकडचे केळीवाले, सगळे एकाच पांढऱ्या आल्टोत घडले. गाडीच्या टपावर लाल अक्षरांत ‘गिरणाई मोटार ड्रायव्हिंग स्कूल’ ही पाटी, आणि डाव्या सीटपुढे, ताईंच्या पायाशी, एक जादा ब्रेक. या जादा ब्रेकवर त्यांचा जीव. शिकणाऱ्याला समोरची रिक्षा दिसायच्या आत ताईंचा पाय तिथे पोहोचलेला असतो. त्यांची उजव्या पायाची चप्पल नेहमी आधी झिजते, आणि दुकानदार एकच चप्पल देत नाही म्हणून त्या दर वर्षी त्याच्याशी भांडतात.

भडगावला गिरणेच्या काठी त्यांचं माहेर. तिथे बापाचा ट्रॅक्टर चालवतच त्या मोठ्या झाल्या, आणि लग्न होऊन जळगावला आल्या तेव्हा स्वयंपाकापेक्षा गिअर बरे टाकत होत्या. नवरा गिरधर डाळ मिलमध्ये कामाला. तळहातावर डाळ घेऊन तिची प्रत सांगायची, हे त्याचं काम. माणूस इतका शांत की घरात आहे की नाही हे चहाचा कप रिकामा झाला की कळतं. शहरभर गाड्या शिकवणाऱ्या बाईच्या या नवऱ्याला मात्र गाडी येत नाही. येत नाही म्हणजे, लग्नाच्या पहिल्या वर्षी ताईंनी त्याला मेहरूण तलावाच्या रस्त्यावर शिकवायला घेतलं होतं. दर झाडाशी ब्रेक, दर सायकलीशी ब्रेक, एकदा तर नुसत्या सावलीशी ब्रेक. दहाबारा झाडं झाल्यावर गिरधरनं गाडी कडेला घेतली, किल्ली रुमालानं पुसली, ताईंच्या हातात दिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. भांडण नाही, रुसवा नाही. तेव्हापासून त्याची ती जागा ठरली.

ताईंच्या धंद्याची एक युक्ती होती आणि ती त्या कुणाला सांगत नसत. गाडी जुनी, स्टेअरिंग जड. नवशिक्या माणसाला ते फिरवताना घाम फुटतो, आणि घाम फुटला की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून ताई पुढच्या चाकांत हवा ठासून ठेवायच्या. कंपनीनं दारावर तीसचा आकडा चिकटवलेला, ताई चाळीस भरायच्या. चाक दगडासारखं झालं की स्टेअरिंग एका हातानं फिरतं, आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याला जमतंय. नरम चाक म्हणजे आळशी बाईचं घर, असं त्यांचं ठाम मत होतं.

आता एवढ्या वर्षांत या बाईंनी किती वेगानं गाडी चालवली असेल? चाळीस. फार तर पंचेचाळीस, तेही उतार होता म्हणून. गाडीत शेजारी कायम कुणीतरी धडपडणारा, आणि ताई कायम डावीकडे. उजव्या सीटवर त्या बसायच्या ते पेट्रोल भरायला कोपऱ्यावर जाताना, नाहीतर नातलगांकडे, आणि तेव्हा मागून गिरधर न बोलता खिडकीची कडी धरायचा. त्यामुळे ताईंच्या मनात एक गोष्ट रुतून बसली होती. एकदा, फक्त एकदा, मोकळ्या रस्त्यावर गाडीत एकटीनं बसायचं आणि पाय तळाला टेकेपर्यंत दाबायचा. शेजारी कुणी नको, मागे कुणी नको, हळू म्हणणारं कुणी नको. पण हळू म्हणणाऱ्या त्याच, मग हे सांगणार कुणाला?

त्यांनी ते डिंपलला सांगितलं. डिंपल म्हणजे सराफ्यातल्या एका घरची मुलगी, ताईंची आजवरची सगळ्यांत वाईट विद्यार्थिनी. तिनं शिकताना भाजीची हातगाडी पाडली, ट्रॅफिकच्या छत्रीला धडक दिली आणि एकदा गाडी मेहरूण तलावाच्या चिखलात अशी घातली की म्हशीवाल्यांनी ओढून काढली. तीच डिंपल लग्न होऊन इंदूरला गेली आणि तिथे गाड्या पळवणाऱ्यांच्या क्लबात शिरून त्याची मुख्यच होऊन बसली. दिवाळीला माहेरी आली तेव्हा फराळ घेऊन ताईंकडे आली आणि सांगत सुटली. सेंधव्याच्या घाटावर, पुढे माळावर, एक नवा ट्रॅक झालाय. वळणावळणाचा बंद रस्ता, नुसता गाडी पळवायला. समोरून कुणी येत नाही, गतिरोधक नाहीत, गाय नाही, लग्नाची वरात नाही. महिन्यातून एकदा कुणीही आपली घरची गाडी आणून तिथे पळवू शकतं.

चकली ताईंच्या हातातच राहिली. गाय नाही, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग अगदी हळू आवाजात, आतल्या खोलीत गिरधरला ऐकू जाणार नाही असं, त्यांनी आपल्या मनातलं सांगितलं. डिंपलला इतकं हसू आलं की ती सोफ्यावरून घसरली. जानेवारीतल्या रविवारी या, म्हणाली, तुम्ही माझ्या पाहुण्या. पण तिथला नियम तिनं आधीच सांगितला. काही चकरा मारून परत यायचं, ती एक फेरी. पहिल्यांदा येणाऱ्याबरोबर दोन फेऱ्यांना शिकवणारा शेजारी बसतो. त्याचं समाधान झालं तर तिसऱ्या फेरीला एकटं सोडतात. नाही झालं, तर गाडी गेटबाहेर. आणि हवेचं तिथे आल्यावर सकाळी बघू, म्हणाली, आधी कुणाला हात लावू देऊ नका.

हे शेवटचं वाक्य ताईंच्या एका कानातून गेलं आणि दुसऱ्यातून बाहेर आलं.

जानेवारी आला. शनिवारी सकाळी निघायचं ठरलं आणि बातमी फुटली, कारण जळगावात बातमी फुटल्याशिवाय कुणी कुठे जात नाही. रावेरच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं केळीचा अख्खा घड आणून डिकीत ठेवला. शेजारच्या धुरपदाबाईंनी भरताची हिरवी वांगी दिली, तीही मोजून नव्हे, पोतं भरून. थंडीचे दिवस, इंदूरकडच्यांना भरीत काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. गिरधरनं स्वतःहून तूरडाळीची पिशवी ठेवली. रिकाम्या हातानं कुणाच्या दारी जायचं नसतं, मग ते दार गाड्या पळवायच्या मैदानाचं का असेना. गाडीचं बूड रस्त्याला टेकायला आलं.

धुळ्याला धाकटी बहीण बेबाबाई, आणि तिच्या नवऱ्याचं, भाईदासचं, हायवेवर पंक्चरचं दुकान. जेवून पुढे निघायचं होतं. भाईदास हात धुऊन आला तो थेट गाडीकडे, आणि चाकावर लाथ मारून बघितली. ताईंना डिंपलचे शब्द तेवढ्यात आठवले आणि त्या म्हणाल्या की हवा राहू दे, तिकडे गेल्यावर बघायची आहे. भाईदासचा चेहरा उतरला. माहेरचा जावई, त्यात त्याचं स्वतःचं हवेचं दुकान, आणि मेव्हणी परराज्यात शर्यतीला निघालेली. त्याची हवा न घेता गेली तर उद्या चौफुलीवर त्यानं तोंड कसं दाखवायचं?

“अक्का, टायर कडक शे ते गाडी पयस,” गाडी पळवायचा आपला मंत्र सांगत तो नळी ओढत म्हणाला. “नरम टायरवर बैलगाडी जास.”

आता खरं सांगायचं तर हे ताईंना मनातून पटलेलंच होतं. त्यांनी नको नको म्हटलं, पण तसं, जसं पाहुणा दुसऱ्या पुरणपोळीला म्हणतो. भाईदासनं चारही चाकांत बेचाळीस भरली, वर प्रेमानं आणखी थोडी, आणि पैसे विचारले म्हणून रागावला. बेबाबाईनं चाकांना हळदकुंकू लावलं. गाडी शिरपूरकडे निघाली तेव्हा रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यावर गिरधर मागे चेंडूसारखा उडत होता आणि ताई आनंदानं फुलून गेल्या होत्या.

रविवारी सकाळी ट्रॅकवर धुकं आणि अशी थंडी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. ताई उतरल्या आणि दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. काळाभोर रस्ता, कडेला लाल पांढरे पट्टे, एक वळण उजवीकडे, एक डावीकडे, मग टेकडीआड गडप. कुठे म्हणून एक माणूस आडवा जाईना. त्यांनी गिरधरचा दंड इतका घट्ट धरला की त्याला ओरडावं लागलं.

नियम होता पूर्ण बाह्यांचा आणि बंद बुटांचा. ताईंनी सलवारीवर गिरधरचा ऑफिसचा शर्ट चढवला होता आणि पायात त्याचेच बूट, पुढे कापूस कोंबून. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, तेव्हा पिना काढून वेणी शर्टाच्या आत सोडली. मग गाडीची तपासणी झाली. आतलं सगळं सुटं सामान बाहेर काढा, असं सांगितल्यावर केळी निघाली, वांगी निघाली, डाळ निघाली, मग पार्किंग शिकवायचे प्लॅस्टिकचे शंकू, खडूचा डबा, नारळ, दोन छत्र्या आणि कुणा विद्यार्थिनीचा हरवलेला एक कानातला. तपासणारा पोरगा गाडीत वाकून बघायला लागला की अजून काही आहे का. डॅशबोर्डवरचा गणपती मात्र चिकटवलेला होता, तो सुटा नाही असं ठरलं. टपावरची शाळेची पाटीही उतरवली. आजूबाजूला लाखालाखाच्या नव्हे, पुष्कळ लाखांच्या गाड्या उभ्या होत्या आणि त्यांचे मालक ताईंची केळी खात होते.

डिंपलनं हवेचं मीटर ताईंच्या हातात दिलं आणि समजावून सांगितलं. वळणावर टायर रस्त्याला घासतं, तापतं, आतली हवा फुगते. म्हणून सकाळी थंड असताना कमी भरायची, अठ्ठावीस. फिरून आलं की तीच बत्तीस-तेहतीस होते, आणि तेवढी बरोबर असते. जास्त भरली की टायरचा फक्त मधला पट्टा रस्त्याला टेकतो आणि गाडी सरकते. ताई मान हलवत होत्या. डिंपलला वाटलं समजलं. पण ताईंच्या मनात वेगळंच चाललं होतं. अठ्ठावीस हवेत हे स्टेअरिंग म्हणजे दळायचं जातं. जातं फिरवत, दात खात, घामाघूम होत आपण जाणार, आणि बघणार कोण, तर चिखलात गाडी घालणारी डिंपल?

डिंपल दुसऱ्या गाडीकडे वळल्यावर ताईंनी चाकांशी बसून फुस्स, फुस्स असे चार आवाज काढले आणि प्रत्येक चाक छत्तीसवर थांबवलं. आधीच्या मानानं पुष्कळ कमी केली, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. डिंपलला लांबूनच अंगठा दाखवला.

शिकवणारा योगराज म्हणून शिरपूरचा तरुण होता. तो डाव्या सीटवर, म्हणजे ताईंच्या सीटवर, बसला आणि पायाशी ब्रेक बघून खूश झाला. अशी सोय त्याला आजवर कुठल्याच गाडीत मिळाली नव्हती. ताई मात्र स्टेअरिंग सोडून त्याच्या पायाकडेच बघत राहिल्या. त्या ब्रेकवर दुसऱ्याचा पाय त्यांनी कधी पाहिला नव्हता.

पहिली चक्कर साठानं गेली. दुसरी सत्तरानं. स्टेअरिंग लोण्यासारखं फिरत होतं, ताईंच्या तोंडावर हसू मावत नव्हतं, आणि योगराज सांगत होता तिथे त्या वळत होत्या. मग टायर तापले. टेकडीमागच्या उजव्या वळणावर ताईंनी स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी वळलीच नाही. ती सरळ, बाहेरच्या बाजूला, सुतासारखी घसरत निघाली. ताईंनी घाबरून पाय वर घेतला, आणि त्याच क्षणी योगराजनं डावीकडचा ब्रेक दाबला. मागची बाजू सुटली. आभाळ, टेकडी, लाल पांढरे पट्टे, पुन्हा आभाळ, आणि गाडी गवतात जाऊन उभी राहिली, तोंड आल्या वाटेकडे. गणपती जागेवर होता.

“पाय काढ,” ताई ओरडल्या. “पहिले तुना पाय काढ.”

आणि ओरडल्या ओरडल्या त्या गप्प झाल्या. कारण हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी ते शेकडो वेळा ऐकलं होतं, सराफांच्या सुनांकडून, कारकुनांकडून, मेहरूण तलावाच्या रस्त्यावर एका माणसाकडून तर ते न बोलताच. आपल्या पायाखाली गाडी असताना दुसऱ्यानं ती थांबवली की छातीत कसं होतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. गवतात बसून त्यांना आधी राग आला आणि मग एकदम असं हसू फुटलं की हेल्मेटची काच धुक्यानं भरली. योगराजला वाटलं बाईंना धक्का बसलाय. त्यानं पाणी पुढे केलं.

परत आल्यावर त्यानं गरम चाकांना मीटर लावलं. बेचाळीस. सकाळी किती होती, त्यानं विचारलं. ताईंनी बुटांच्या टोकांकडे बघितलं. डिंपल हाताची घडी घालून उभी होती, आणि ती जे बोलली ते ताईंचंच शिकवणीतलं वाक्य होतं, शब्दन् शब्द, स्वरसुद्धा.

“गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि काय चुकलं ते तुम्हीच सांगा.”

ताईंनी सगळं सांगितलं. भाईदासची माया, छत्तीस, जातं, सगळं. आजूबाजूचे लोक केळी खायचं थांबून ऐकत होते. योगराज हसला नाही. त्यानं नियम सांगितला, की गाडी आणखी एकदा रस्त्याबाहेर गेली तर एकटीची फेरी विसरायची आणि जळगावचा रस्ता धरायचा. ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ट्रॅक तिथे समोर होता, मोकळा, आणि तो आता हवेच्या चार आकड्यांवर टांगलेला होता.

चाकं निवायची वाट बघणं आलं. ती वाट बघणं ताईंच्यानं होईना. एरवी पदरानं वारा घातला असता, पण आज पदरही नव्हता, म्हणून त्यांनी शर्टाच्या टोकानं चाकांना वारा घातला. तिकडे गिरधरनं वांगी भाजायला चार काड्या गोळा करून पेटवल्या, आणि पेट्रोलच्या गाड्यांशेजारी जाळ बघून दोन रखवालदार असे धावत आले की त्या दिवसातला सगळ्यांत मोठा वेग तोच असावा. वांगी कच्ची राहिली. गिरधर कच्चं वांगं हातात धरून ताईंजवळ येऊन बसला.

मग ताईंनी खरोखरच अठ्ठावीस केली. एकेक चाक, मीटर लावून, पुन्हा लावून, गिरधरला वाचायला लावून. डिंपलनं खडू मागितला आणि प्रत्येक टायरच्या कडेवरून खाली बाजूपर्यंत एकेक रेघ ओढायला सांगितली. फिरून आल्यावर खडू कुठवर पुसला ते बघायचं. कडेपर्यंत पुसला तर टायर बरोबर टेकतंय, पार खाली बाजूवर उतरला तर हवा फारच कमी. ताईंना हे इतकं आवडलं की त्यांनी रेघांशेजारी स्वस्तिकही काढलं.

दुसरी फेरी सुरू झाली आणि स्टेअरिंग जडच लागलं. जातं म्हणजे जातंच. पण टेकडीमागच्या उजव्या वळणावर ताईंनी दात खाऊन ते फिरवलं, आणि गाडीनं रस्ता धरला. अशी धरली वाट की ताईंना हातांतून कळत होतं, चाक रस्त्यावर पूर्ण तळव्यानं उभं आहे. त्यांनी योगराजला सांगितलं की पाय वर घे. योगराजनं एका वळणाला पाय वर घेतला, पुढच्याला दोन्ही घेतले, आणि शेवटच्या चक्करीत त्यानं ब्रेककडे बघणंच सोडून दिलं. परत आल्यावर गिरधरनं मीटर लावून बत्तीस वाचलं. खडू कडेपर्यंत पुसला होता आणि स्वस्तिक तसंच होतं. योगराज गाडीतून उतरला, दार लावलं, आणि काचेतून नुसतं पुढे बोट केलं.

गाडीत कुणी नव्हतं.

कोकिळाताईंनी डावीकडे बघितलं, सवयीनं. रिकामी सीट. मागे बघितलं. रिकामी. त्या निघाल्या आणि पहिल्या वळणापर्यंत मोठ्यानं बोलत होत्या, आरसा बघा, क्लच सोडा, हळू, हळू, समोर बघा. मग त्यांच्या लक्षात आलं की ऐकायला कुणी नाही, आणि त्या स्वतःला रागावायच्याऐवजी खुदकन हसल्या. दुसरं वळण, तिसरं, टेकडीमागचं उजवं. दात, जोर, आणि गाडी वळली. त्याच्यापुढे सरळ रस्ता होता, लांबलचक, उन्हात चमकणारा, धुकं केव्हाच गेलेलं. ताईंनी पाय दाबला. अजून दाबला. गिरधरच्या बुटाचं टोक तळाला टेकलं आणि आतला कापूस चेपला गेला.

जुनी आल्टो एवढी कधी ओरडली नसेल. काटा ऐंशी झाला, नव्वद झाला, शंभराला जाऊन थरथरत पुढे सरकला. भडगावच्या बापाचा ट्रॅक्टर, गिरणेचा काठ, इतक्या वर्षांच्या सगळ्या रिक्षा आणि सायकली आणि सावल्या मागे पडत होत्या आणि ताई हेल्मेटच्या आत काहीतरी ओरडत होत्या. काय ओरडत होत्या हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. त्यांना इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा ते कळेना. वळण आलं तेव्हा ब्रेक त्यांनीच दाबला, आपला, उजवीकडचा, जेव्हा त्यांना वाटलं तेव्हा.

त्या आल्या तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. डिंपल रडत होती आणि शपथेवर सांगत होती की रडत नाहीये. ताई उतरल्या, हेल्मेट काढलं, वेणी बाहेर ओढली, आणि सरळ गिरधरकडे गेल्या. तो केळीची सालं गोळा करत होता. गाडीतळाच्या पलीकडे मोठं रिकामं मैदान होतं, कुंपणापर्यंत नुसतं गवत. ताईंनी किल्ली शर्टाच्या टोकानं पुसली आणि त्याच्यापुढे धरली.

“आते तू चालाड.”

गिरधरनं किल्लीकडे बघितलं, मग त्यांच्या पायांकडे. “तू ब्रेक मारशी,” तो म्हणाला.

ताईंनी बूट काढले, डाव्या सीटवर चढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन पक्की मांडी घालून बसल्या, पंगतीला बसतात तशा. गिरधरनं हातातली सालं कचऱ्यात टाकली. मग उजवीकडून आत आला, सीट पुढे घेतली, आरसा आपल्या डोळ्यांना लावला. गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा चालू झाली आणि माणसाच्या चालीनं गवतातून निघाली.

कुंपण जवळ येत होतं. मांडीखाली ताईंचा उजवा पाय आपला आपण हलायला लागला, तेव्हा त्यांनी तो हातानं दाबून धरला. तोंडाशी आलेलं ‘हळू’ गिळलं. गिरधर स्टेअरिंग फिरवत होता आणि ते फिरत नव्हतं. त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला.

“जड लागस,” तो म्हणाला.

“हवा कमी शे,” ताई म्हणाल्या. “जोर लाव.”

त्यांचा हात मदतीला पुढे गेला नाही. गिरधरनं खांदे वाकवले, दात खाल्ले, आणि गाडी कुंपणाच्या अलीकडून, अगदी सावकाश, पूर्ण वळली.